कालवडीचा रंग

रुशेरे
११ जानेवारी १९९६

प्रिय केन्शामा,

पत्र लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र नाताळच्या आधीच आलं होतं. दुधाच्या टँकरवाल्यानं दिलं तेव्हा ते भिजलेलं होतं, म्हणून उन्हात ठेवलं, तर वाऱ्यानं उडालं, मग कुंपणाच्या काट्यांत सापडलं. पण ही सबब झाली. खरं म्हणजे रोज सकाळी लिहायला बसायचो आणि लिहायचं काय या काळजीनं उठायचो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. वाईट बातमी चांगल्या शब्दांत कशी लिहायची ते चौथीत शिकवत असतील.

तू लिहिलंस की नवरा होता तोवर कातुंगी तुला आई म्हणायचा, आता ‘वडिलांची धाकटी बायको’ म्हणतो. सवतीचा मुलगा तो शेवटी. माहेरी येऊ का, असं विचारतेस. त्यात विचारायचं काय? घर तुझं आहे. पण परत आलेल्या मुलीला पहिल्या संध्याकाळी दारात दुधाचा घोट द्यावा लागतो, आणि तो तिच्या लग्नात सासरकडून आलेल्या गाईच्या वंशाचाच लागतो. तो प्यायली की ती पुन्हा घरची लेक. नाही प्यायली तर पाहुणी, आणि पाहुणीला आज ना उद्या उठावं लागतं. आपली धाकटी मावशी आठव. तिच्या गाईंचा वंश बुडाला होता. आज या भावाकडे, उद्या त्या भावाकडे करत गेली बिचारी.

तुझ्या गाईंपैकी बिहोगोचा वंश तेवढा उरला आहे, आणि त्यातही आता ही एकच, त्याच नावाची. ती बरी आहे. रंग तसाच, वाळलेल्या रक्तासारखा गडद. शिंगं एवढी की कुंपणाच्या तोंडातून आत येताना मान तिरकी करते. पण ती आटली आहे. वय झालं तिचं. अजून एक वेत होईल, फार तर.

मग घरात दुसरं दूध नाही का, असं म्हणशील. हेच लिहायला हात धजत नव्हता. वाडा आता बशाइजा बघतो. माझाच मुलगा, जनावरांचं शिकून आलेला. त्यानं सगळी गुरं परदेशी करून टाकली. थंड डब्यातून बी येतं, एक माणूस मोटारसायकलवरून येऊन सुईनं भरून जातो. वासरं होतात ती काळी-बांडी. आपल्या कुळाला काळं नि पांढरं एका कातड्यावर असलेल्या गाईचं दूध वर्ज्य, आणि माझ्या पोटच्या पोरानं वाडा नेमका त्याच रंगानं भरला. जगात दुसरा रंग मिळाला नाही त्याला.

मी बोललो तर म्हणतो, ‘बाबा, ही बादलीभर देते. तुमची बिहोगो पेलाभर देते आणि वर लाथ मारते.’

‘तिच्याकडे बघून काय वाटतं ते बोल की.’

‘बघून टँकर भरत नाही, बाबा.’

तो स्वतः ते दूध पितो, त्याची मुलं पितात. मी काळा चहा पितो, भरपूर साखर घालून. त्यानं दात दुखतात. वासरू आठवड्याचं झालं की तो लोखंड तापवून त्याची शिंगं उगवायच्या आधीच जाळतो. तो वास दिवसभर अंगाला राहतो. शिंगं अशी रुंद, टोकाला पांढरी यावीत म्हणून आपल्या माणसांनी किती पिढ्या वळू निवडले असतील? मोठ्या रोगात आजोबांचा सगळा कळप मेला. एक वासरू तेवढं वाचलं, आणि त्याला आजीनं स्वतःच्या झोपडीत, स्वतःच्या अंथरुणाशेजारी ठेवलं. एवढं करून टिकवलेलं हे असं दोन मिनिटांत.

असो. तू ये, पण थोडी थांब. बिहोगो गाभण राहू दे, विऊ दे. घोटभर दूध झालं की मी कळवतो. प्रकृती सांभाळ. गुडघ्याला तूप चोळतेस ना?

तुझा दादा,
बिताराबेहो

०

न्तुंगामो
३० जानेवारी १९९६

दादा,

पत्र मिळालं. अर्धं गाईचं, पाव तुझ्या दातांचं, उरलं ते माझं. तुझ्याकडून एवढंही खूप झालं.

गुडघ्याला तूप चोळ म्हणतोस. तूप कुठून आणू? इथे आता गाय नाही. कातुंगीनं वाड्याचं काटेरी कुंपण तोडून जाळलं आणि तिथपर्यंत केळी लावल्या. तुझे मेहुणे वासरं बांधायचे त्या जागी केळीचा घड लोंबतो. सकाळी उकडलेल्या केळ्याचा गोळा, संध्याकाळी केळ्याचा गोळा, रविवारी त्यावर घेवडा. घेवडा खाल्ला की त्या दिवशी दूध प्यायचं नसतं, असं आई सांगायची. मी म्हटलं, आई, तुझी काळजी मिटली, दूधच नाही.

काल कातुंगीची बायको म्हणाली, ‘आत्याबाई, त्या दुधाच्या लाकडी कासंड्या कशाला रोज घासता? रिकाम्याच तर आहेत.’

मी म्हटलं, ‘तुझं डोकंसुद्धा रोज विंचरतेस ना?’

तेव्हापासून बोलत नाही. बरं झालं.

मी कासंड्यांना अजून गवताची धुरी देते, दादा. इथे कुणाला आपला रंगाचा नियम नव्हता, या घरात कुठल्याही रंगाच्या गाईचं दूध प्यायचे. मी नाही प्यायले. सासू म्हणायची, माहेरचं खूळ. नवरा हसायचा, पण माझ्यासाठी एक तांबडी गाय वेगळी ठेवायचा. आणि लग्नातलं तू विसरलास का? गाई आल्या आणि बाबांनी त्यांतली एक परत पाठवली, पोटाखाली काळं-पांढरं होतं म्हणून. मी आत तूप माखून, डोक्यावर पांघरूण घेऊन बसलेली. बाहेर त्यांच्या बायका खिदळत होत्या, ‘डाग मोजून मुलगी देतात का हो तुमच्यात?’ पूर्ण दिवस गेला. मला वाटलं, लग्न मोडलं. संध्याकाळी त्यांनी बदली गाय आणली, ती पहिली बिहोगो. म्हणजे तुझ्या वाड्यातली ती गाय त्या नियमामुळेच आली आहे.

म्हणून विचारते. एवढं लांब पत्र लिहिलंस, पण तिला वळू कुठला दाखवणार ते लिहिलं नाहीस. तुझ्या वाड्यात तर वळू डब्यात येतो. नीट बघ. मला कुणाच्या घरी पाहुणी म्हणून मरायचं नाही.

केन्शामा

०

रुशेरे
२४ मार्च १९९६

प्रिय केन्शामा,

काम झालं! आधीच लिहायचं होतं, पण ती पुन्हा माजावर येते की काय या धास्तीनं थांबलो होतो. ती आली नाही. म्हणजे ठरली. मी रोज सकाळी तिच्यामागे जाऊन बघतो, बशाइजा म्हणतो, ‘बाबा, तिलाही लाज असते.’

सगळं सांगतो. ती माजावर आल्याचं मला बशाइजानंच सांगितलं. त्या दिवशी तो सुईवाला त्याच्या गाईंसाठी आलाच होता, मी पाणवठ्यावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर बशाइजा म्हणाला, ‘बाबा, तुमची म्हातारी आज ओरडतेय.’ मी ठरवलं, उद्याच निघायचं. पहाटेच दोरी घेतली आणि तिला घेऊन चालत रुतेगाकडे गेलो. माझा जुना दोस्त रुतेगा, तुझ्या लग्नात ज्यानं गाईंची स्तुती गायली तो. बरेच दिवस विचारत फिरलो तेव्हा खात्री झाली, या भागात लांब शिंगांचा, गडद तांबडा वळू आता त्याच्याचकडे आहे. राज्य गेलं, राजाचा कळप मोडला तेव्हा गुराख्यांनी जी जनावरं इकडेतिकडे लपवली, त्यांतल्या एका गाईचा हा वंशज, असं तो सांगतो. रुतेगा सांगतो म्हणजे अर्धं खरं धर.

मला बघून तो कुंपणाआतूनच ओरडला, ‘कोण रे? नवरी घेऊन आलास की नवरीचा बाप होऊन आलास?’

‘दोन्ही.’

‘ही म्हातारी? माझ्या वळूचा अपमान करतोस होय?’

‘तुझा वळू तुझ्याच वयाचा आहे.’

‘म्हणजे अजून कामाचा आहे!’

त्याची बायको आतून म्हणाली, ‘खोटं बोलायला पाहुणे आले की जोर येतो यांना.’

वळू आला, त्यानं काम केलं. काय रूप त्याचं, केन्शामा! दोघांची शिंगं एकमेकांना लागली तेव्हा आवाज आला, तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या वाड्यात आता डोकी डोक्यांवर आपटतात, भोपळ्यासारखी. रुतेगानं तिथल्या तिथे स्तुती म्हटली, बिहोगोच्या आईची, तिच्या आईची, मागे मागे जात थेट तुझ्या लग्नातल्या गाईपर्यंत. तिथे तुझं नाव येतं. एवढी वर्षं कुणाच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. रुतेगा म्हणाला, ‘रड, रड, तुझ्याकडे रडायला तरी गाय आहे.’ त्याचीही मुलं आता वळू विकायचं म्हणतात.

घरी आलो आणि वाटेतली सगळी गोष्ट बशाइजाला नि सूनबाईला सांगितली. तुला घोट मिळणार, आत्या घरी येणार, वगैरे. दोघं गप्प ऐकत होती. मला वाटलं होतं बशाइजा टिंगल करील. केली नाही. सूनबाई क्यारिसीमा मान खाली घालून आत गेली. पोरं वाईट नाहीत गं. त्यांनाही कुठेतरी वाटत असेल.

वर्षअखेरीस विईल. तोवर कातुंगीशी भांडू नकोस.

तुझा दादा,
बिताराबेहो

०

न्तुंगामो
५ मे १९९६

दादा,

तुझं पत्र उशीखाली ठेवते. रुतेगानं माझं नाव घेतलं ते वाचून हसू आलं. लग्नात स्तुती गाताना तो मध्येच एक गाय विसरला होता आणि बाबांनी मागून सांगितली होती, आठवतं?

भांडू नकोस म्हणालास, पण तुझं पत्र यायच्या आधीच भांडून झालं होतं. कातुंगी म्हणाला, ‘तुम्ही जायचं म्हणता तर जा, पण एकदा काय ते ठरवा. त्या खोलीत मला केळ्यांची पोती ठेवायची आहेत.’

मी म्हटलं, ‘मी आहे तोवर पोती बाहेर राहतील.’

‘आणि गेल्यावर परत आलात तर?’

‘कासंड्या घेऊन निघालेली बाई परत येत नाही. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही का?’

तो म्हणाला, ‘मग मी वाट बघतो.’ तोंडावर म्हणाला, दादा. लहानपणी याला ताप आला की माझ्या मांडीवर झोपायचा.

पण मी आता शांत आहे. केळ्याचा गोळाही गोड लागतो. विण्याची बातमी आली की कासंड्या उचलायच्या. त्याआधी नाही, कारण एकदा बाहेर काढल्या की ते दार बंद. तू फक्त कळव.

केन्शामा

०

रुशेरे
२९ डिसेंबर १९९६

प्रिय केन्शामा,

बिहोगो व्याली, कालवड झाली. दोघी बऱ्या आहेत. तिला जड गेलं, पण झालं. बशाइजानं रात्रभर जागून मदत केली, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

बाकी इकडे पाऊस चांगला झाला. गवत कमरेएवढं आहे. माझे दात तसेच. रुतेगाच्या मुलांनी शेवटी वळू विकला, कुणी नेला ते तो सांगत नाही, विचारलं की थुंकतो. म्बरारा रस्त्यावर पूल खचला आहे म्हणतात, बसगाड्या फिरून येतात, त्यात म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. मला वाटतं तू जरा थांबावंस. पूल होऊ दे. गाईलाही अजून अशक्तपणा आहे. चीक गेल्यावर दूध कसं बसतं ते बघायला हवं. घाई करू नकोस, असं आपलं मला वाटतं. मला काळजी करायची सवय आहे, तुला माहीतच आहे. थंडी वाजते का तिकडे? मी तुला पांघरूण पाठवणार होतो.

तुझा दादा,
बिताराबेहो

०

म्बरारा
१० जानेवारी १९९७

दादा,

मी न्तुंगामोतून नाही लिहीत. तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली, ‘व्याली, कालवड झाली’, आणि उठले. कासंड्या बाहेर काढल्या, अंगणात गवतावर मांडल्या, कातुंगीच्या बायकोला म्हटलं, घे तुझी खोली. संध्याकाळच्या आत पोती आली आत. बाकीचं पत्र मी गाडीत वाचलं.

ते वाचल्यावर म्बरारात उतरले. इथे चर्चच्या मागे बायकांसाठी खोली आहे, तिथे आहे. पूल खचलेला नाही. मी ड्रायव्हरला विचारलं.

तू पावसाचं लिहिलंस, गवताचं, दातांचं, रुतेगाचं, पांघरुणाचंही लिहिलंस. कालवडीचा रंग लिहिला नाहीस. आपल्यातला माणूस वासरू झाल्याचं सांगतो तेव्हा आधी रंग सांगतो, मग मादी की नर, मग गाय जगली की मेली. बाबा तर माणसाच्या बाळाचाही रंग आधी विचारायचे.

कालवड कुठल्या रंगाची आहे?

केन्शामा

०

रुशेरे
१९ जानेवारी १९९७

केन्शामा,

काळी. कपाळावर पांढरा चांदवा, पोटाखाली पांढरं, मागचा एक पाय पांढरा.

तीन वेळा लिहून फाडलं. आता लिहिलं आहे तर सगळंच लिहितो.

ती बाहेर आली तेव्हा कंदील माझ्या हातात होता. मला वाटलं, ओली आहे म्हणून काळी दिसते. मी पुसली. पुसली तशी आणखी काळी झाली. मी बशाइजाकडे बघितलं. तो खाली बघत होता.

‘बाबा, मी सांगणार होतो.’

‘काय सांगणार होतास?’

‘त्या दिवशी सुईवाला आलाच होता. तुमची म्हातारी माजावर होती. मला वाटलं, तुम्ही इतके दिवस वळू शोधताय, मिळत नाही, दिवस जाताहेत. आत्याला दूध मिळावं एवढंच वाटलं. मी तिलाही भरून घेतली. तुम्हाला खूश करावं म्हटलं.’

‘आणि मी सकाळी तिला घेऊन निघालो तेव्हा?’

‘उठलो तोवर तुम्ही गेला होतात. परत आलात तेव्हा इतके आनंदात होतात... क्यारिसीमा म्हणाली, आता बोलू नका. कदाचित वळूचंच लागेल.’

म्हणून दोघं गप्प होती. मी तुला लिहिलं होतं ना, पोरं वाईट नाहीत. नाहीतच. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यानं प्रेमानं केलं, केन्शामा. बांडी गाय आपल्याला चालत नाही हे तो लहानपणापासून ऐकत आलाय, पण त्याला वाटतं ती म्हाताऱ्यांची आवडनिवड आहे, जसं कुणाला घेवडा आवडत नाही.

मी रुतेगाकडे गेलो. तो म्हणाला, ‘कालवडीला काजळ फास, पोट झाकेल. तुझी बहीण काय वाकून बघणार आहे?’ मग म्हणाला, ‘मी आपला बोललो.’ मग रडला. त्यालाही आता रडायला गाय नाही.

मग थोरल्या काकांकडे गेलो. कुळात आता त्यांच्यापेक्षा मोठं कुणी नाही. मी विचारलं, गाय तर तांबडी आहे, दूध तिचं आहे, मग? ते म्हणाले, ‘दूध कुणासाठी उतरलं? बांड्या वासरासाठी. मग ते बांडंच. पुढच्या वेताला नितळ वासरू झालं तर बघू.’ पुढचं वेत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. बिहोगोला उठवायला आता दोन माणसं लागतात.

तू कासंड्या बाहेर काढून बसली आहेस हे वाचलं तेव्हापासून जेवण जात नाही. मी पहिल्या ओळीत रंग लिहायला हवा होता. एवढंच लिहायला हवं होतं.

काय करू ते तू सांग.

बिताराबेहो

०

म्बरारा
२ फेब्रुवारी १९९७

दादा,

मी काय सांगू? इथे सकाळी सगळ्या बायकांना दूध मिळतं. मोठ्या भांड्यात येतं, कुणाच्या गाईचं, कुठल्या रंगाच्या, कुणाला ठाऊक. सगळ्या पितात. मी माझा पेला पालथा घालते. सिस्टर म्हणते, ‘आजी, दूध आवडत नाही का?’ मला! काय सांगू तिला?

परत न्तुंगामोला जाता येत नाही. इथे पावसाळ्यापर्यंत ठेवतील. तुझ्याकडे यायचं तर पाहुणी होऊन यायचं, नाहीतर ते दूध पिऊन. सासरच्या घरात सगळे हसत असताना पाळलं ते मी माहेरच्या दारात येऊन मोडू? आणि मोडलं तर मला तिथे आत घेणारा भाऊ मला शिवेल का? तू नियमाचा माणूस. तू काळा चहा घेऊन बाजूला बसशील आणि मी एकटी बाटलेली.

बाबा नाहीत. घरातला मोठा तू आहेस. पिऊ का, नको? एक शब्द लिही. यावेळी गवताचं लिहू नकोस.

केन्शामा

०

रुशेरे
२३ फेब्रुवारी १९९७

प्रिय केन्शामा,

तू एक शब्द मागितलास. मी तो लिहू शकलो नाही, म्हणून करून टाकलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः बिहोगोची धार काढली. ती उभी राहत नव्हती, सूनबाईनं तिला टेकू दिला. कालवड शेजारी बांधलेली होती, तिच्याकडे बघतच मी प्यायलो. पूर्ण प्यायलो, घोटभर नाही. मी म्हटलं, तू येशील तेव्हा या घरात तुझ्यापासून बाजूला बसायला कुणी स्वच्छ माणूसच नको. तू एकटी बाटायची नाहीस.

बशाइजानं पाहिलं. त्याला इतका आनंद झाला, केन्शामा! टाळ्या वाजवल्या. क्यारिसीमाला हाक मारली, मुलांना हाक मारली. ‘बघा, बाबांनी दूध घेतलं! कसं लागलं, बाबा?’

मी म्हटलं, ‘दुधासारखं.’

‘मग! मी इतकी वर्षं हेच सांगतोय.’ तो धावत जाऊन त्याच्या बांड्यांच्या बादलीतून मोठा पेला भरून घेऊन आला. ‘आता हेही घ्या. सुटलात एकदाचे.’

मी तेही प्यायलो. नाही म्हणायला आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तो माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. लहान होता तेव्हापासून असा बसला नव्हता. त्याला वाटतंय, बाप शेवटी त्याच्या बाजूला आला.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. दात पडतील, अंगावर चट्टे उठतील, आई सांगायची तसं. सकाळी उठून आधी दात चाचपले. सगळे जागेवर. पोटही दुखलं नाही, उलट खूप दिवसांनी झोप लागली. मला याचाच राग येतो. बाबांनी तुझं लग्न दिवसभर अडवलं, तू आयुष्यभर पेला पालथा घातलास, मी या साखरेच्या पाण्यानं दात किडवले, आणि चव दुधाचीच. काही व्हायला हवं होतं गं. थोडं तरी.

दोन दिवसांनी थोरले काका आले. आत आले नाहीत, कुंपणाबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं, या. म्हणाले, ‘नको.’ मग म्हणाले, ‘पोरं पितात ते मी धरत नाही, पोरं गेलीच आहेत. तुझं मात्र धरतो.’

मी म्हटलं, ‘बहिणीला घरात घ्यायचं होतं, काका.’

‘कुठल्या घरात? ती परत येणार होती ते कुळाचं घर होतं. ते तू होतास. आता इथे नुसता एक म्हातारा राहतो, मुलाच्या वाड्यात.’

 हे मला सुचलंच नव्हतं, केन्शामा. तू एकटी बाटू नयेस एवढंच डोक्यात होतं. तुझं माहेर म्हणजे मीच होतो हे लक्षात आलं नाही. तुझ्याकडे यायचा रस्ता बांधायला गेलो आणि जिथे यायचं ते ठिकाणच पाडून बसलो. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस एवढाच विचार करू शकतो.

रुतेगा तेवढा येतो. तो आमच्या कुळाचा नाही, त्याला चालतं. पण स्तुती म्हणत नाही. म्हटलं, म्हण की. म्हणाला, ‘कुणाची म्हणू?’

आता तुला काय सांगू, ये की नको? ये म्हटलं तर कुठे ये? पण खोली झाडून ठेवली आहे. क्यारिसीमानं नवी चटई विणली, तिलाही वाईट वाटतं, ती बोलत नाही पण विणते. बिहोगो अजून उठते, आज सकाळी उठली. दूध थोडं आहे. तू म्हणालीस तर तेही नको, तुला काळा चहा देईन, माझ्याबरोबर बस. पाहुणी तर पाहुणी. आता पाहुणी नि लेक यांत फरक करणारा इथे कोण उरलाय?

नाहीच यायचं असेल तर तसं लिही. मला बाटगा म्हण, शिव्या दे, पण लिही. टँकरवाला रोज येतो, मी रोज रस्त्यावर जाऊन उभा राहतो, तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. पावसाळा लागला की ते तुला तिथे ठेवणार नाहीत, आणि मग तू कुठे असशील ते मला कळणारसुद्धा नाही. पत्र तरी कुठल्या गावी पाठवू? म्हणून उशीर करू नकोस. दोन ओळी पुरेत. लवकर कळव.

तुझा,
बिताराबेहो